बळी बेदींचा, झेल सोलकरांचा

एकत्र कुटुंबांत जमाखर्चाची वही असते. कोणीं किती मिळविलें, कोणाच्या लग्नास किती लागलें, आंब्याच्या पेट्यांचे किती झाले, हें सारें त्या वहींत सांपडतें. परंतु दुखणेकऱ्याच्या उशाशीं रात्रभर कोण बसलें, वडिलांचा राग कोणीं आपल्या अंगावर घेतला व मुलांपर्यंत पोहोंचूं दिला नाहीं, हें त्या वहींत कोठेंही नसतें. तसे रकानेच आंखलेले नसतात. या महिन्यांत आम्ही एका क्रिकेटपटूविषयीं लिहिणार आहों. पण ज्यांस त्या खेळाची गोडी नाहीं अशा भगिनींनीं व वृद्धांनीं पान उलटूं नये, अशी आमची विनंती आहे. विषय खेळाचा असला तरी प्रश्न त्या रकान्यांचाच आहे.

क्रिकेटची धांवपत्रिका वाचकांनीं वर्तमानपत्रांत पाहिली असेलच. फलंदाजाच्या नांवापुढें तो कसा बाद झाला हें थोडक्यांत लिहिलेलें असतें. ‘झे. सोलकर गो. बेदी’ असें लिहिलें असलें, तर त्याचा अर्थ असा कीं, चेंडू बेदी यांनीं टाकला आणि झेल सोलकर यांनीं घेतला. आतां हिशेबाची गंमत पाहा. तो बळी बेदी यांच्या खात्यांत जमा होतो. गोलंदाजीच्या तक्त्यांत त्यांच्या नांवापुढें एक आंकडा वाढतो; झेल घेणाऱ्यासाठीं त्या पत्रिकेंत असा तक्ताच नसतो. बदली खेळाडूनें झेल घेतला तर पुष्कळ वेळां ‘झे. बदली’ एवढेंच छापतात, नांवदेखील नाहीं! ज्या मनुष्यानें आपली सारी कीर्ति असल्या दुसऱ्याच्या खात्यावरच मिळविली, त्या एकनाथ सोलकर यांचें चरित्र आज सांगावयाचें आहे.

एकनाथ धोंडू सोलकर यांचा जन्म मुंबईस १८ मार्च १९४८ रोजीं झाला. मरीन लाइन्सच्या समुद्रकांठीं हिंदु जिमखान्याचें मैदान आहे. हा जिमखाना १८९४ सालीं स्थापन झाला. त्या मैदानाची निगा राखण्याचें काम एकनाथचे वडील करीत. खेळपट्टीवर पाणी मारणें, रूळ फिरविणें, गवत कापणें, चुन्यानें रेघा आंखणें हा त्या घराचा चरितार्थ. आणि त्याच मैदानाच्या कडेला लहानशा जागेंत तें मोठें कुटुंब राहत असे. सामन्याच्या दिवशीं मुलगा धांवफलकावर आंकडे बदलण्याचें काम करी. दुसऱ्यांच्या धांवा, दुसऱ्यांचे बळी, ते फलकावर टांगणारा हा पोरगा! ज्यास पुढें आपल्या उत्तम गुणासाठीं फलकावर स्वतंत्र जागा मिळावयाची नव्हती, त्याच्याच हातीं लहानपणीं तो फलक असावा, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

मैदानावर राहण्याचा एक लाभ झाला. इतर मुलांस खेळावयास जावें लागतें. या मुलास खेळ उंबरठ्याबाहेरच होता. तो डाव्या हातानें फलंदाजी करूं लागला. डाव्याच हातानें कधीं मध्यमगति तर कधीं फिरकी गोलंदाजी करूं लागला. शालेय क्रिकेटमध्यें त्यानें नांव मिळविलें, मुंबईच्या संघांत स्थान मिळविलें आणि ऑक्टोबर १९६९ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, न्यूझीलंडविरुद्ध हैदराबाद येथें सोलकर आपला पहिला कसोटी सामना खेळले. मैदान राखणाऱ्याचा मुलगा देशाच्या संघांत गेला. हें यश स्वतःच मोठें होतें. परंतु आमचें कुतूहल त्यापुढील गोष्टीविषयीं आहे.

संघांत आल्यावर ते उभे कोठें राहिले? फलंदाजाच्या पायांच्या बाजूस, त्याच्यापासून दोनतीन पावलांवर, गुडघे वांकवून. या जागेस ‘फॉरवर्ड शॉर्ट लेग’ म्हणतात. फलंदाजानें जोरानें फटका मारला तर चेंडू तेथील मनुष्याच्या छातीवर किंवा कपाळावर येतो, आणि डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं येतो. आज तेथें उभे राहणारे तरुण लोखंडी जाळीचें शिरस्त्राण घालतात, नडग्यांस ढाली बांधतात. सोलकरांच्या वेळीं यांपैकीं कांहीं नव्हतें. पूर्ण संरक्षण देणारें शिरस्त्राण घालून कसोटींत उतरणारे पहिले फलंदाज ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम यॅलप होत, आणि ती गोष्ट मार्च १९७८ मधील आहे. सोलकरांचा शेवटचा कसोटी सामना त्यापूर्वींच, जानेवारी १९७७ मध्यें झाला होता. म्हणजे त्यांची सारी कारकीर्द उघड्या डोक्यानें व उघड्या हातांनीं झाली.

परंतु केवळ धाडस म्हणून त्यांची स्तुति केली तर ती अपुरी होईल. धाडस पुष्कळांपाशीं असतें. सोलकरांपाशीं जें होतें त्यास संस्कृतांत ‘अवधान’ म्हणतात. एका दिवसांत शेंकडों चेंडू पडतात. त्यांपैकीं बहुतेक त्या जागेकडे येतच नाहींत. जो एखादा येतो तो कोणता, हें आधीं कोणी सांगत नाहीं. तेव्हां प्रत्येक चेंडू हाच तो चेंडू असें मानून वांकून उभें राहावयाचें, आणि तो नव्हता म्हणून निराश न होतां पुढच्यासाठीं पुन्हां तसेंच वांकावयाचें! आम्हीं अनेक वर्षें मुलांस रूपें व संधि पाठ करविले. हुशार मुलें पुष्कळ पाहिलीं, पण शेवटच्या तासापर्यंत पहिल्या तासाचें लक्ष टिकविणारीं मुलें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच भेटलीं.

त्या काळीं भारताच्या गोलंदाजीचा भार बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन या चार फिरकी गोलंदाजांवर होता. फिरकीचें काम असें असतें कीं, वळलेला किंवा उसळलेला चेंडू बॅटीची कड घेऊन किंवा बॅटीवरून पायाच्या ढालीवर आदळून हळूच वर उडतो आणि दोन हातांवर खालीं पडतो. तेथें कोणी नसेल तर कांहींच घडत नाहीं. फलंदाज पुन्हां सावध होतो. तेथें सोलकर असले कीं तो बाद होतो. याहून बारीक गोष्ट अशी कीं, तेथें सोलकर आहेत हें ठाऊक असल्यामुळें फलंदाज पुढें पाय टाकण्यास कचरतो, मागें राहतो, आणि मागें राहिल्यामुळें पायचीत किंवा त्रिफळाबाद होतो. या बळीच्या नोंदींत तर सोलकरांचें नांवही येत नाहीं. यष्टींमागें फारूख इंजिनियर, स्लिपमध्यें कर्णधार अजित वाडेकर, जवळच वेंकटराघवन व आबिद अली, आणि पुढें सोलकर, असें तें कडें होतें. चौघांच्या फिरकीस धार आली ती या कड्यामुळें.

येथें अमेरिकेंतील बेसबॉल खेळाशीं थोडी तुलना करूं. त्या खेळांत नव्वद फुटांच्या बाजूंचा एक चौकोन असतो आणि त्याच्या आसपास चार क्षेत्ररक्षक उभे असतात. त्यांस आंतले क्षेत्ररक्षक म्हणावें. प्रत्येकाच्या हातांत चामड्याचा मोठा पंजा असतो. न्यूयॉर्क यांकीज संघाचे फिल रिझुटो हे असेच आंतले खेळाडू होते. ट्रामवर नोकरी करणाऱ्याचा हा मुलगा १९१७ सालीं जन्मला. उंची अवघी साडेपांच फूट. १९४१ पासून १९५६ पर्यंत, मधलीं तीन वर्षें युद्धकाळीं आरमारांत गेलीं तेवढीं सोडून, तो एकाच संघाकडून खेळला. १९५० सालीं त्याच्या विभागांतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. तरी त्या देशाच्या बेसबॉल-कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळावयास १९९४ साल उजाडावें लागलें. अडतीस वर्षें! तेथेंही ज्याचें मुख्य काम अडविणें व झेलणें हें आहे, त्याचें ऋण उशिरां फिटतें. मात्र त्या खेळाच्या वहींत एक चांगली रीत आहे. क्षेत्ररक्षकानें कोणास बाद केलें, बाद करण्यास कितीदां साह्य केलें आणि किती चुका केल्या, याचे वेगळे रकाने तेथें असतात. आमच्या क्रिकेटच्या पत्रिकेंत साह्याचा रकाना नाहीं.

आतां १९७१ सालाकडे येऊं. त्या वर्षाच्या आरंभीं वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटींत भारताचे पांच गडी ७५ धांवांत बाद झाले. दिलीप सरदेसाई खेळत होते. सोलकर त्यांच्या सोबतीस आले. दोघांनीं १३७ धांवांची भागी केली. सरदेसाई २१२ वर पोहोंचले, सोलकर ६१ वर बाद झाले. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटींत सोलकरांनीं ५५ धांवा काढल्या, आणि त्याच सामन्यांत सहा झेल घेतले. तो सामना भारतानें सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजवर भारताचा हा पहिलाच कसोटी विजय. पुढें बार्बाडोसला ७० धांवांत सहा गडी गेले असतां पुन्हां हीच जोडी उभी राहिली. सरदेसाईंच्या दीडशें, सोलकरांच्या ६५, भागी १८६ धांवांची. इतिहासांत ती मालिका सरदेसाईंची व नवोदित सुनील गावसकरांची म्हणून ओळखली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु दुसऱ्या टोंकास कोणी टिकल्यावांचून द्विशतक होत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

त्याच वर्षीं संघ इंग्लंडला गेला. लॉर्ड्सवर सोलकरांनीं ६७ धांवा काढल्या. पहिले दोन सामने अनिर्णित राहिले, आणि तिसरा ओव्हलवर झाला. तेथें पहिल्या डावांत सोलकरांनीं २८ धांवांत तीन बळी घेतले. त्यांत ९० धांवांवर पोहोंचलेले यष्टिरक्षक ॲलन नॉट हेही होते. फलंदाजींत त्यांनीं ४४ धांवा केल्या व इंजिनियर यांच्या सोबतीनें डाव सांवरला. मग चंद्रशेखर यांचा तो प्रसिद्ध दिवस आला: ३८ धांवांत सहा बळी, आणि इंग्लंडचा दुसरा डाव अवघ्या १०१ धांवांत समाप्त! त्या डावांत फ्लेचर यांचा झेल सोलकरांनीं घेतला. नॉट पुन्हां खेळावयास आले तेव्हां वेंकटराघवन यांच्या चेंडूवर बॅटीची कड लागली, आणि सोलकरांनीं जमिनीशीं समांतर झेंप घेऊन तो चेंडू गवतास लागण्यापूर्वीं उचलला. त्या क्षणाचें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. २४ ऑगस्ट १९७१ रोजीं भारतानें चार गडी राखून सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरील तो आपला पहिला कसोटी विजय व पहिला मालिकाविजय होय.

१९७२–७३ च्या हिंवाळ्यांत इंग्लंडचा संघ येथें आला. पांच सामन्यांच्या त्या मालिकेंत सोलकरांनीं बारा झेल घेतले, आणि भारतानें मालिका दोन विरुद्ध एक अशी जिंकली. सुदिन सांगितले, तसे दुर्दिनही सांगितले पाहिजेत. जून १९७४ मध्यें लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव ४२ धांवांत आटोपला. त्या ४२ पैकीं १८ धांवा एकट्या सोलकरांच्या, आणि ते नाबाद राहिले. दोन आंकडी संख्या दुसऱ्या कोणासही गांठतां आली नाहीं. घर पडत असतां जो आपल्या कोपऱ्यांतील खांब सोडीत नाहीं, त्याचें मोल घर पडल्यामुळें कमी होत नाहीं. जानेवारी १९७५ मध्यें मुंबईच्या नव्या वानखेडे मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. तेथें वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनीं १०२ धांवा केल्या. त्यांचें हें एकुलतें एक कसोटी शतक. ज्या हिंदु जिमखान्याशेजारीं बालपण गेलें तेथून तें मैदान फार दूर नाहीं.

सर्व मिळून २७ कसोटी सामने, १०६८ धांवा, १८ बळी. हे आंकडे सामान्य दिसतात, व वहीचे रकाने तेवढेच असते तर गोष्ट येथेंच संपली असती. परंतु झेल आहेत ५३. सामन्यामागें जवळजवळ दोन. वीस किंवा अधिक कसोट्या खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत हें प्रमाण जगांत सर्वांत अधिक आहे. २६ जून २००५ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें, वय सत्तावन्न.

मैदान राखणाऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगतांना आमच्यासारख्या घरांनीं एक जुनें ऋण आठवलें पाहिजे. सोलकरांच्या पूर्वीं साठसत्तर वर्षें, पळवणकर बाळू नांवाचा एक तरुण पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखीत असे व साहेबांस सरावासाठीं चेंडू टाकीत असे. तो जातीनें चांभार होता. त्याची डाव्या हाताची फिरकी पाहून हिंदु संघानें त्यास खेळावयास घेतलें. पण चहाच्या वेळीं त्यास मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा दिला जाई. चेंडू त्याच्या हातचा चालत होता, पाणी चालत नव्हतें! त्याच बाळूनें १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक बळी घेतले. हिंदु संघाचें कर्णधारपद त्याच्या घराण्यास मिळालें तें १९२३ सालीं, त्याचा भाऊ विठ्ठल यास. सोलकरांचा काळ निराळा होता व त्यांची कथाही निराळी आहे. तरी दोघांच्या चरित्रांतून एकच बोध निघतो. दुसऱ्याचा सामना उत्तम व्हावा म्हणून जे राबतात, त्यांच्या श्रमाचा लाभ घेणें फार सोपें असतें. त्यांस पंक्तींत बसवून घेणें कठीण जातें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका घरीं मध्यंतरीं वांटणी झाली. चौघां भावांनीं कोणीं किती रुपये घातले याचा चोख हिशेब काढला. कोणाची लबाडी नव्हती. पण त्या घरांत एक विधवा काकू होत्या. तीस वर्षें किल्ल्या त्यांच्या कमरेस. दोन सासूसासऱ्यांचीं दुखणीं त्यांनीं काढलीं, सहा बाळंतपणें केलीं, दोन जावांचा अबोला दोहींकडचे निरोप गोड करून सोडविला. वांटणीच्या कागदावर त्यांचें नांव ‘पोष्य’ म्हणून लिहिलें होतें: म्हणजे ज्यांस पोसावयाचें त्या! थोरल्या सुनेनें तो शब्द वाचला आणि सासऱ्यांस नम्रपणें विचारलें, “मामंजी, काकूंनीं आपणां सर्वांस पोसलें, तें कोणत्या रकान्यांत लिहावयाचें?” त्या प्रश्नावर कागद फाडला गेला नाहीं, कीं कोणी अश्रु ढाळले नाहींत. दुसऱ्या दिवशीं नवा कागद झाला व त्यांत काकूंचा पांचवा वांटा लिहिला गेला, इतकेंच. आमच्या मतें त्या सुनेनें त्या घराची धांवपत्रिका दुरुस्त केली.

कोणी म्हणेल, सेवा ही मोजावयाची वस्तु नव्हे. मोजली कीं तिचें तेज गेलें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण अर्धाच. करणाऱ्यानें मोजूं नये, हें खरें. सोलकर झेल मोजीत वांकले असते तर पुढचा झेल सुटला असता. परंतु करणाऱ्याच्या निष्कामपणाचा आधार घेऊन घेणाऱ्यानें आपली वही कोरी ठेवावी, हा कोणता न्याय? निष्काम असणें हा करणाऱ्याचा धर्म आहे. हिशेब ठेवणें हा घेणाऱ्याचा. दोन्ही धर्म एकाच माणसावर लादले म्हणजे त्यास आपण त्याग म्हणतों, आणि सोयीस्करपणें निजतों.

आमच्या या ठाण्याच्या मानपाड्यांत (डोंबिवलीकडेही एक मानपाडा आहे, तेथील वाचकांनीं हें आपल्याच विषयीं समजावें) येऊरच्या डोंगराच्या बाजूस आतां उंच इमारती झाल्या आहेत. संध्याकाळीं त्यांच्या आवारांत, उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधल्या जागेंत मुलें क्रिकेट खेळतात. प्रत्येकास आधीं फलंदाजी हवी असते. ती नसेल तर गोलंदाजी. जवळ वांकून उभें राहण्याचें काम सर्वांत लहान किंवा सर्वांत गरीब स्वभावाच्या मुलावर येतें. पालकांनीं व आजोबांनीं एवढें करावें. खेळून आलेल्या मुलास ‘किती धांवा काढल्या?’ असें विचारण्याची आपली संवय आहे; त्याच्या जोडीस ‘किती अडविल्या?’ हाही प्रश्न विचारावा. जें विचारलें जातें तें मुलें मोलाचें मानूं लागतात. आणि हाच प्रश्न रात्रीं पंक्तीस बसतांना घरांतील मोठ्यांनीं एकमेकांविषयीं मनांत विचारावा. उत्तर बहुधा वाढणाऱ्या हातांपाशींच सांपडेल.